लहान अपघात, लहान दावे आणि विमा कंपनीस द्यावयाची माहिती

बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे जुने व्यापारी शहर आहे. मोगल काळात सुरतेहून आग्र्याकडे जाणारा माल याच ठाण्यावरून पुढे जात असे, आणि वाटेतील जोखीम ठराविक मोबदला घेऊन पत्करणारे सराफ त्या काळीही होते. मराठीतील ‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’ या शब्दावरून आलेला आहे. आज बैलांच्या तांड्यांऐवजी इंदूर-इच्छापूर मार्गावरून केळी आणि कापड वाहून नेणाऱ्या मालमोटारी धावतात. शाहपूर, नेपानगर, रावेर, मुक्ताईनगर या गावांमधून नोकरदार, शेतकरी आणि व्यापारी स्वतःच्या मोटारीने ये-जा करतात. वाहने बदलली, तरी विम्याच्या व्यवहाराचा पाया बदललेला नाही. जोखीम घेणाऱ्यास त्या जोखमीची खरी माहिती मिळाली पाहिजे, हाच तो पाया होय.

व्यवहारात नेमकी याच बाबतीत हयगय होते. केळीच्या गाडीचा धक्का लागून बंपर चेपतो, बाजाराच्या गर्दीत आरसा फुटतो, एखाद्या सायकलस्वारास चाटून गाडी पुढे जाते. “एवढ्याशा गोष्टीसाठी कंपनीला काय कळवायचे?” असे म्हणून मालक प्रसंग विसरून जातो. मागील वर्षी लहानसा दावा घेतला असला, तरी नव्या अर्जात ‘दावा नाही’ असे लिहून सही केली जाते. पुढे मोठा अपघात झाला म्हणजे हीच लहान गोष्ट समोर उभी राहते. म्हणून कोणती माहिती केव्हा द्यावी, कोणता दावा करावा आणि कोणता करू नये, हे प्रत्येक वाहनधारकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

परम सद्भावाचे तत्त्व

सामान्य खरेदीविक्रीत घेणाऱ्याने वस्तू पारखून घ्यावी अशी अपेक्षा असते. विम्याचा करार याहून वेगळा आहे. गाडी कोण चालवितो, पूर्वी तिचे काय नुकसान झाले, किती दावे घेतले, या गोष्टी मालकास ठाऊक असतात. कंपनीस त्या विचारूनच कळतात. म्हणून कायद्याने या करारात दोन्ही पक्षांकडून परम सद्भावाची अपेक्षा ठेवली आहे. कंपनीने विमा द्यावा की नाही आणि हप्ता किती आकारावा, हे ज्या गोष्टीवरून ठरते तिला ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ म्हणतात. अशी वस्तुस्थिती दडविली किंवा खोटी सांगितली, तर करार कंपनीच्या इच्छेनुसार रद्द ठरू शकतो.

हे तत्त्व १७६६ साली इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका प्रसिद्ध खटल्यात स्पष्टपणे मांडले. सुमात्रा बेटावरील एका इंग्रज किल्ल्याच्या विम्याचे ते प्रकरण होते. त्यात निकाल विमा घेणाऱ्याच्या बाजूने लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जे विमा देणाऱ्यास ठाऊक आहे किंवा ठाऊक असावयास हवे, ते सांगितले नाही म्हणून त्यास अंग काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजेच सद्भावाचे बंधन विमेदाराइतकेच कंपनीवरही आहे.

घटना आणि दावा यांतील भेद

अनेकांचा गोंधळ येथे होतो. गाडीला काही झाले ही घटना होय, आणि त्याबद्दल कंपनीकडे पैसे मागणे हा दावा होय. घटना कळविली म्हणजे दावा केला असे होत नाही. दावा करणे न करणे हा मालकाचा हक्क आहे. स्वतःच्या गाडीचे किरकोळ खरचटणे स्वखर्चाने दुरुस्त करून घेण्यास कोणाची हरकत नसते. परंतु घटना कळविताना भाषा स्पष्ट असावी. केवळ माहितीसाठी पत्र द्यावयाचे असेल, तर ‘ही माहिती नोंदीसाठी आहे, सध्या दावा करीत नाही’ असे त्यात लिहावे आणि पोच घ्यावी. दूरध्वनीवर सांगितलेल्या घटनेची नोंद कंपनीच्या दप्तरात दावा म्हणून होण्याची शक्यता असते. दावा नोंदवून नंतर मागे घेतला असेल, तर तो रक्कम न देता बंद झाल्याचे लेखी उत्तर मागून ठेवावे.

काही देशांत हा भेद अधिक काटेकोरपणे पाळला जातो. ब्रिटनमध्ये मोटारविमा घेताना गेल्या काही वर्षांतील अपघात, दावा केला नसला तरी, विचारले जातात, आणि कंपन्यांची दाव्यांविषयीची सामाईक नोंद १९९४ पासून तेथे आहे. २०१२ च्या कायद्याने तेथे सामान्य ग्राहकावरील बंधन काहीसे सोपे केले: आपण होऊन सर्व काही सांगावे असे नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाजवी काळजी घेऊन खरे द्यावे. आपल्याकडेही व्यवहारात हाच नियम उपयोगी पडतो. अर्जातील प्रत्येक प्रश्न वाचावा. प्रश्न दाव्यांविषयी असेल तर सर्व दावे, रक्कम कितीही लहान असली तरी, लिहावेत. प्रश्न अपघातांविषयी असेल तर दावा न केलेले अपघातही लिहावेत.

नो क्लेम बोनस म्हणजे काय

वर्षभर दावा केला नाही, तर पुढील वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या हप्त्यात कंपनी सूट देते. हिलाच नो क्लेम बोनस म्हणतात. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार दरसूचीत या सवलतीच्या पायऱ्या ठरविण्यात आल्या: पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षानंतर २५, तिसऱ्यानंतर ३५, चौथ्यानंतर ४५ आणि पाचव्यानंतर ५० टक्के. २००७ पासून या विभागाचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. तथापि सवलतीच्या याच पायऱ्या पुढेही प्रचारात राहिल्या. आपल्या विमापत्रातील अट मात्र प्रत्येकाने स्वतः वाचून घ्यावी.

या सवलतीविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही सूट तिसऱ्या पक्षाच्या सक्तीच्या विम्याच्या हप्त्यावर मिळत नाही. दुसरी, मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर साठलेली सवलत बुडते. तिसरी, ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी मालकास आपली सवलत नव्या गाडीसाठी तीन वर्षांपर्यंत वापरता येते. विकत घेणाऱ्यास मात्र ती मिळत नाही.

लहान दावा करावा की नाही

याचा निर्णय हिशेबाने करावा. समजा, एखाद्या गाडीचा स्वनुकसानीचा हप्ता सवलतीपूर्वी ८,००० रुपये आहे आणि येत्या नूतनीकरणास मालक ५० टक्के सवलतीस पात्र होणार आहे. गाडीचा बंपर फुटला. नवा बंपर ४,००० रुपये आणि मजुरी १,५०० रुपये, असा एकूण खर्च ५,५०० रुपये झाला. प्लॅस्टिकच्या भागांवर सर्वसाधारणपणे ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २,००० रुपये गेले. उरलेल्या ३,५०० रुपयांतून प्रत्येक दाव्यात मालकाने सोसावयाची सक्तीची रक्कम वजा होते. १,५०० घन सेंटीमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस ती सामान्यतः १,००० रुपये असते. हाती आले २,५०० रुपये.

आता दुसरी बाजू पाहावी. दावा केल्यामुळे पुढील वर्षी ५० टक्क्यांऐवजी शून्य सवलत मिळेल, म्हणजे ४,००० रुपये जास्त भरावे लागतील. त्यानंतरच्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील. हप्ता तोच राहिला असे धरल्यास या चार वर्षांत अनुक्रमे २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० रुपये जादा जातील. अशा रीतीने २,५०० रुपयांसाठी एकूण १०,००० रुपयांची सवलत गमावली जाते. गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी येईल. पण धडा तोच राहतो. किरकोळ दुरुस्ती स्वखर्चाने करणे हे अनेकदा शहाणपणाचे असते, आणि त्यात लबाडी काहीच नाही. दावा घेऊन तो नाकारणे ही मात्र लबाडी होय.

खोट्या घोषणेचे परिणाम

एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना मालकाकडून घोषणापत्र घेतले जाते. सवलतीचा सांगितलेला दर बरोबर आहे, संपत असलेल्या विमापत्रावर दावा झालेला नाही, आणि ही घोषणा चुकीची निघाल्यास स्वनुकसानीच्या भागातील सर्व लाभ जप्त होतील, असा त्याचा आशय असतो. सही करणारे बहुतेक लोक हे शेवटचे वाक्य वाचतच नाहीत.

समजा, एका मालकाने गेल्या वर्षी आरसा आणि काच यांचे ३,२०० रुपये घेतले. नूतनीकरणाच्या वेळी त्याने कंपनी बदलली आणि ३५ टक्के सवलत लिहून घेतली. ८,००० रुपयांच्या हप्त्यावर त्याचे २,८०० रुपये वाचले. पुढे पावसाळ्यात असीरगडाजवळच्या वळणावर गाडी उलटली आणि २,८०,००० रुपयांचे नुकसान झाले. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, जुना दावा उघड होतो, आणि २,८०० रुपयांच्या सवलतीपायी २,८०,००० रुपयांचा दावा अडकतो. गाडी कर्जाऊ घेतलेली असेल तर बँकेचे हप्तेही चालूच राहतात.

२००२ च्या दरसूचीत नव्या कंपनीनेही २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीस पत्र लिहून खात्री करावी आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यावे, असे सांगितले होते. म्हणून अशा प्रकरणांतील ग्राहक आयोगांचे निर्णय एकसारखे नाहीत. काही ठिकाणी दावा पूर्णपणे फेटाळला गेला, तर काही ठिकाणी कंपनीने वेळेवर चौकशी न केल्याची दखल घेऊन अंशतः भरपाई देवविण्यात आली. अशा अनिश्चिततेवर आपल्या गाडीचे भवितव्य सोपविणे कोणत्याही दृष्टीने हिताचे नाही. शिवाय विमापत्रांची आणि दाव्यांची माहिती आता भारतीय विमा माहिती केंद्राकडे एकत्र साठविली जाते. त्यामुळे ‘दुसऱ्या कंपनीला कसे कळणार?’ हा जुना समज आता टिकण्याजोगा राहिलेला नाही.

दुसऱ्यास इजा झाली असल्यास

स्वतःच्या गाडीचे खरचटणे आणि दुसऱ्या माणसास लागलेला धक्का या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार अपघातात कोणास इजा झाल्यास चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावयाची असते, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवावयाचे असते, तसेच विमा कंपनीस लेखी माहिती द्यावयाची असते. विमापत्राचा क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ व जागा, जखमी किंवा मृत व्यक्तींचा तपशील, चालकाचे नाव व परवान्याचा तपशील, एवढ्या बाबी त्या पत्रात असाव्यात. यात ‘इजा लहान असेल तर कळवू नये’ अशी सूट नाही.

गावाकडे अशा वेळी पंचांसमक्ष पाचशे-हजार रुपये देऊन प्रकरण मिटविण्याची रीत आहे. तिच्यामागील माणुसकी समजण्यासारखी आहे. जखमीस तातडीने मदत करणे हे कर्तव्यच आहे. परंतु प्रचलित विमापत्रात अशी अट असते की, कंपनीच्या लेखी संमतीवाचून मालकाने चूक कबूल करू नये, भरपाई देऊ करू नये किंवा वचन देऊ नये. मिटले असे वाटलेले प्रकरण पुढे न्यायाधिकरणात गेले, तर असा कागद मालकास अडचणीचा ठरतो.

सीमाभागात ही शक्यता अधिक असते. भरपाईचा अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या, अर्जदाराच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणच्या, अथवा प्रतिवादीच्या राहत्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. म्हणजे इच्छापूरजवळ झालेल्या धक्क्याची नोटीस बुऱ्हाणपूरच्या मालकास जळगावहूनही येऊ शकते. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने अशा अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. महिनेच्या महिने उलटल्यावर नोटीस आली आणि कंपनीस घटनेची गंधवार्ता नसली, तर साक्षीदार शोधणे, गाडीची स्थिती सांगणे, परवाना दाखविणे, सारेच कठीण होते. अशी नोटीस येताच ती ताबडतोब कंपनीकडे पाठवावी; ती घरात ठेवून देणे सर्वांत घातक. विमापत्राच्या अटी मोडल्याच्या काही प्रकरणांत न्यायालये कंपनीस आधी भरपाई देण्यास आणि मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. तेव्हा जखमीस पैसे मिळाले तरी मालकाची सुटका होतेच असे नाही.

उशीर झाला असल्यास

कळविण्यास उशीर झाला म्हणून सर्व संपले, असे मानण्याचे कारण नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने कंपन्यांना बजावले की, केवळ विलंबाच्या कारणावरून खरे दावे फेटाळू नयेत. वाहनचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये असा निर्णय दिला की, पोलिसांत ताबडतोब फिर्याद दिली असेल, तर कंपनीस उशिरा कळविले एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही. तरीही उशिराचे कारण लेखी आणि खरे द्यावे लागते, हे विसरू नये.

अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही आपली

आपल्या भागात विम्याचा अर्ज बहुधा एजंट किंवा गाडी विकणारा भरतो. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत असतो, आणि मराठी भाषक मालक खूण केलेल्या जागी सही करतो. अर्ज दुसऱ्याने भरला असेल, तर त्यातील मजकूर विमेदारास समजावून दिल्याचा दाखला असावा, अशी तरतूद २००२ च्या विनियमांतच करण्यात आली होती. मालकाने तिचा लाभ घ्यावा. ‘मागील वर्षी दावा घेतला होता का?’ या प्रश्नापुढे काय लिहिले आहे ते विचारावे, भरलेल्या अर्जाची प्रत मागावी, आणि विमापत्र हाती आल्यावर त्यातील सवलतीचा टक्का तपासावा. हल्ली मोबाइलवरच नूतनीकरण होते. तेथे ‘नाही’ या शब्दावर दाबलेले बोट हीदेखील सहीच समजावी. वडिलांच्या नावावरील गाडीचा विमा मुलगा उतरवीत असेल, तर त्याने आधी वडिलांना जुन्या दाव्यांविषयी विचारावे.

जुनी गाडी घेताना विशेष काळजी घ्यावी. विक्रेत्याच्या विमापत्रावरील सवलत आपली नव्हे. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदीतील बदलासाठी कंपनीकडे अर्ज करावा आणि सवलतीच्या फरकाची रक्कम भरावी.

झालेली चूक सुधारता येते

चुकीची सवलत घेतली गेली असल्याचे लक्षात आले, तर अपघाताची वाट पाहू नये. कंपनीस पत्र लिहून खरी स्थिती कळवावी, सवलतीचा फरक भरावा आणि विमापत्रावर तशी दुरुस्तीची नोंद करून घ्यावी. नुकसान होण्यापूर्वी केलेली दुरुस्ती काही शे किंवा काही हजार रुपयांत होते. नुकसान झाल्यावर तीच चूक संपूर्ण गाडीएवढी महाग पडते.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळ येथे आहे आणि त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. नियामक प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५५२५५ हा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

या सर्व ठिकाणी उपयोगी पडतो तो कागद. म्हणून प्रत्येक मालकाने गाडीसाठी एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक घटनेची तारीख, जागा, समोरच्या वाहनाचा क्रमांक, दुरुस्तीचा खर्च आणि दावा केला की नाही, एवढे लिहावे. गॅरेजची पावती व कंपनीस दिलेल्या पत्राची पोच त्याच वहीत जपावी. ग्रामपंचायतीचे पदाधिकारी आणि शिक्षक यांनी ही माहिती आपल्या गावातील वाहनधारकांना समजावून सांगितल्यास अनेक कुटुंबे मोठ्या हानीतून वाचतील. नूतनीकरणाच्या दिवशी ही वही समोर ठेवून अर्ज भरला, तर विस्मरणाने होणारी चूकही टळेल.